दोन डोळ्यांचा सूक्ष्मदर्शक : भाग कसे समजून घ्यावेत, कसे निवडावेत

बायनॉक्युलर सूक्ष्मदर्शकाविषयी वाचकांकडून आलेली पत्रे या वेळी इतकी होती, की संपूर्ण सदर त्याच विषयाला देण्याचे ठरवले. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि लांब पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : शाळेच्या प्रयोगशाळेसाठी सूक्ष्मदर्शक घ्यायचा आहे. समोर दोन माहितीपत्रके आहेत. एकात २०००× पर्यंत वर्धन मिळेल असे लिहिले आहे, दुसऱ्यात केवळ १०००×. तरीही दुसरे उपकरण महाग आहे. अधिक मोठे दाखवणारे उपकरण स्वस्त कसे असू शकते? (एक विज्ञान शिक्षिका)

उत्तर : माहितीपत्रकातील सर्वांत मोठा आकडा सर्वांत शेवटी वाचावा, असे मी सुचवीन. एकूण वर्धन म्हणजे ऑब्जेक्टिव्हचे, म्हणजे वस्तूजवळच्या भिंगसंचाचे वर्धन, गुणिले आयपीसचे, म्हणजे डोळ्याजवळच्या भिंगसंचाचे वर्धन. १००× च्या ऑब्जेक्टिव्हवर १०× ऐवजी २०× चा आयपीस बसवला, की १००० चे २००० होतात आणि उत्पादकाला त्यासाठी फारसा खर्चही येत नाही. मात्र जो तपशील ऑब्जेक्टिव्हने टिपलेलाच नाही, तो आयपीसला नव्याने निर्माण करता येत नाही. तो केवळ हाती आलेली प्रतिमा मोठी करतो, आणि त्या प्रतिमेत अस्पष्टता असेल तर तीही मोठी होते.

किती बारीक तपशील टिपला जाणार, हे ऑब्जेक्टिव्हच्या न्यूमेरिकल अॅपर्चरवर अवलंबून असते. वस्तूपासून निघणाऱ्या प्रकाशाचा किती रुंद शंकू भिंगात शिरतो, त्याचे हे माप आहे. शंकूच्या अर्ध्या कोनाच्या साइनला भिंग आणि वस्तू यांच्यामधील माध्यमाच्या अपवर्तनांकाने गुणले, की हा आकडा मिळतो. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ एर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्ये सूक्ष्मदर्शकाच्या विभेदनक्षमतेचा सिद्धांत मांडला, तेव्हापासून उपकरणाची खरी कुवत या आकड्यावरून ओळखली जाते. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ०.५५ मायक्रॉन धरली, तर ०.२५ अॅपर्चरच्या १०× ऑब्जेक्टिव्हला सुमारे १.३ मायक्रॉन अंतरावरील दोन बिंदू वेगळे दाखवता येतात. ०.६५ च्या ४०× ला सुमारे अर्धा मायक्रॉन आणि तेलात बुडवून वापरायच्या १.२५ च्या १००× ला सुमारे ०.२७ मायक्रॉन एवढे अंतर पुरते. त्याहून जवळचे दोन बिंदू कितीही मोठे केले, तरी एकच ठिपका दिसणार.

यावरून एक व्यवहारी नियम निघतो. अॅपर्चरला ५०० ते १००० ने गुणले असता जे वर्धन येते, तेवढेच उपयोगी असते. १.२५ च्या ऑब्जेक्टिव्हसाठी ही मर्यादा १२५० वर संपते, त्यामुळे २००० हे पोकळ वर्धन ठरते. त्याला आणखी एक बाधा आहे. वर्धन वाढवत नेले, की आयपीसमधून बाहेर पडणारी प्रकाशशलाका बारीक होत जाते. १०००× ला तिचा व्यास सुमारे ०.६ मिलिमीटर असतो आणि २०००× ला ०.३ मिलिमीटर उरतो. इतक्या बारीक शलाकेत आपल्या डोळ्यातीलच तरंगते कण आणि धागे छायेसारखे दिसू लागतात आणि विद्यार्थी ते स्लाइडवरचे जंतू समजून वहीत काढतात.

तेव्हा माहितीपत्रकापेक्षा ऑब्जेक्टिव्हच्या नळीवरची अक्षरे वाचावीत. तेथे ४०/०.६५ आणि त्याखाली १६०/०.१७ असे काही कोरलेले असेल. पहिला आकडा वर्धनाचा, दुसरा अॅपर्चरचा, तिसरा मिलिमीटरमधील नळीच्या लांबीचा आणि चौथा कव्हर स्लिपच्या, म्हणजे नमुन्यावर ठेवायच्या पातळ काचेच्या जाडीचा, तोही मिलिमीटरमध्येच. वर्धन दूरूनही ओळखता यावे म्हणून रंगीत कडी असते. ४× ला तांबडी, १०× ला पिवळी, ४०× ला फिकट निळी आणि १००× ला पांढरी कडी असा प्रघात आहे. तेलाच्या ऑब्जेक्टिव्हला त्याशिवाय टोकाजवळ एक काळी कडी असते.

शाळेच्या कामाचा विचार करता ४×, १० × आणि ४०× हे तीन ऑब्जेक्टिव्ह उत्तम प्रतीचे असावेत, मग चौथ्याचा विचार करावा. १००× चे ऑब्जेक्टिव्ह तेलाविना वापरले, तर त्याचे अॅपर्चर हवेच्या मर्यादेत, म्हणजे १ च्या खाली येते आणि प्रतिमाही बिघडते. तेल वापरले, तर प्रत्येक वेळी ते पुसणारी जबाबदार व्यक्ती हवी. ती नसेल तर या ऑब्जेक्टिव्हचे पैसे पहिल्या तिघांच्या दर्जावर घालवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

प्रश्न : एका डोळ्याच्या सूक्ष्मदर्शकात वस्तू सपाट दिसते म्हणून मी दोन डोळ्यांचा घेतला, परंतु त्यातही खोली जाणवत नाही. मला कीटक आणि खनिजांचे नमुने पाहायचे आहेत. उपकरण सदोष आहे का? (एक हौशी निरीक्षक)

उत्तर : उपकरण बहुधा निर्दोष असावे. आपल्या कामासाठी मात्र ते चुकीचे आहे. सर्वसाधारण बायनॉक्युलर संयुक्त सूक्ष्मदर्शकात ऑब्जेक्टिव्ह एकच असते. त्यातून आलेला प्रकाश वरच्या भागातील लोलक दोन वाटांनी विभागून दोन्ही डोळ्यांना देतात. दोन्ही डोळ्यांना एकाच दिशेने घेतलेली एकच प्रतिमा मिळते, आणि खोली जाणवण्यासाठी तर दोन डोळ्यांना किंचित वेगळ्या कोनांतून पाहावे लागते. दोन आयपीसचा येथील लाभ आरामाचा आहे. एक डोळा मिटून ताणण्याची गरज उरत नाही आणि दीर्घकाळ काम करता येते. त्याची किंमत म्हणून प्रत्येक डोळ्याला निम्माच प्रकाश मिळतो, ही गोष्ट दिव्याची निवड करताना ध्यानात ठेवावी.

कीटक, खनिजे, बिया, नाणी किंवा विद्युत-मंडलाच्या पट्ट्या यांसाठी स्टिरिओ सूक्ष्मदर्शक हवा. त्यात दोन स्वतंत्र प्रकाशमार्ग असतात. ग्रीनो पद्धतीत दोन लहान ऑब्जेक्टिव्ह एकमेकांशी कोन करून बसवलेले असतात, तर दुसऱ्या पद्धतीत एका मोठ्या सामाईक भिंगामागून दोन समांतर मार्ग जातात. पहिली रचना सुटसुटीत आणि स्वस्त पडते. दुसरीत कॅमेरा किंवा उभा प्रकाश देणारे जोडभाग घालणे सोपे जाते. स्टिरिओचे वर्धन सहसा ७× ते ४५× एवढेच असते, प्रतिमा सुलटी दिसते आणि भिंगाखाली सुमारे १०० मिलिमीटर मोकळी जागा मिळते, त्यामुळे चिमटा किंवा सुई हाताळता येते. आपल्या संयुक्त सूक्ष्मदर्शकाच्या ४०× ऑब्जेक्टिव्हखाली ही जागा अर्ध्या-पाऊण मिलिमीटरच्या आसपास असेल. तेथे भुंग्याची पाठ मावणेच कठीण, आणि खालून येणारा प्रकाशही तिच्यातून आरपार जाणार नाही.

प्रश्न : आमच्या प्रयोगशाळेत नवीन बायनॉक्युलर सूक्ष्मदर्शक आल्यापासून मला अर्ध्या तासात डोकेदुखी सुरू होते. कधी दोन वर्तुळे दिसतात, कधी एक. सहकाऱ्यांना तसा त्रास नाही. मी चष्मा वापरते. (एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ)

उत्तर : आधी जुळवणी तपासू, नंतर दोषाकडे वळू. दोन डोळ्यांच्या बाहुल्यांमधील अंतर माणसागणिक वेगळे असते. प्रौढांमध्ये ते साधारण ५५ ते ७० मिलिमीटरच्या दरम्यान पडते. आयपीसच्या नळ्या जवळ-दूर करत दोन वर्तुळे मिळून एकच स्वच्छ वर्तुळ दिसेल तेथे थांबावे आणि नळ्यांमधील मापपट्टीवरचा आकडा लक्षात ठेवावा. आपल्यानंतर दुसऱ्याने उपकरण वापरले, की हा आकडा बदलणार. आपण परत बसाल तेव्हा थेट त्यावर जाता येईल.

दुसरी जुळवणी डायॉप्टरची. आपल्या दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा नसेल, तर एका डोळ्याला स्पष्ट दिसणारी प्रतिमा दुसऱ्याला पुसट दिसते, आणि मेंदू दोन्ही जुळवण्याच्या खटपटीत थकतो. सहसा डाव्या आयपीसवर फिरणारी कडी असते. ४०× वर बारीक तपशिलाची स्लाइड लावून डावा डोळा मिटावा आणि फाइन फोकसने उजव्या डोळ्याची प्रतिमा रेखीव करावी. मग उजवा डोळा मिटून, फोकसला अजिबात हात न लावता, केवळ ती कडी फिरवून डाव्याची प्रतिमा रेखीव करावी. एवढे केल्यावर १०× किंवा ४× वर गेलात, तरी दोन्ही डोळ्यांना प्रतिमा जवळजवळ स्पष्टच राहायला हवी. दोन्ही आयपीसवर कडी असेल, तर उजवीकडची शून्यावर ठेवून हीच कृती करावी.

या ठिकाणी बायनॉक्युलर डोक्याच्या रचनेचा संबंध येतो. जुन्या सरकत्या रचनेत नळ्या आडव्या दूर सरकवल्या, की प्रकाशाच्या मार्गाची लांबीही बदलते आणि प्रत्येक वेळी नळीची उंची मापपट्टीवरच्या आकड्यानुसार पुन्हा लावावी लागते. झीडेनटॉप्फ रचनेत नळ्या एका अक्षाभोवती दुर्बिणीच्या बिजागरीप्रमाणे फिरतात, त्यामुळे अंतर बदलले तरी मार्गाची लांबी तीच राहते. अनेकांनी वापरायच्या उपकरणाला हीच रचना असावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

चष्म्याविषयी सांगायचे, तर केवळ लघुदृष्टी किंवा दूरदृष्टीचा नंबर असेल तर चष्मा काढून फोकसने आणि डायॉप्टरने तो भरून काढता येतो. दृष्टिवैषम्याचा, म्हणजे सिलिंड्रिकल नंबर लक्षणीय असेल, तर मात्र चष्मा ठेवावाच लागतो, कारण भिंग पुढेमागे सरकवून तो दोष जात नाही. अशा वेळी डोळा आयपीसपासून थोडा दूर राहूनही संपूर्ण क्षेत्र दिसेल, असे हाय-आयपॉइंट आयपीस घ्यावेत. त्यांवर बहुधा चष्म्याचे लहानसे चिन्ह असते. रबरी कडा असेल तर ती दुमडून घ्यावी, नाहीतर काचेवर ओरखडे पडतात.

हे सर्व करूनही दोन प्रतिमा वेगळ्याच राहिल्या, तर लोलक हलले असण्याची शक्यता आहे. वाहतुकीत आदळलेल्या उपकरणांत असे घडते. स्लाइडवरचा एक ठळक कण क्षेत्राच्या मध्यभागी आणून एकदा उजव्या, एकदा डाव्या डोळ्याने पाहावा. दोन्हीकडे तो जवळपास त्याच जागी दिसला पाहिजे. एका बाजूला तो वर आणि दुसऱ्या बाजूला खाली दिसत असेल, तर उपकरण दुरुस्तीला द्यावे. आडवे अंतर डोळे काही प्रमाणात सांभाळून घेतात, उभे अंतर त्यांना जवळजवळ सांभाळता येत नाही, आणि डोकेदुखीचे मूळ बऱ्याचदा तेथेच असते. सहकाऱ्यांना त्रास नाही, यावरून उपकरण निर्दोष ठरत नाही. काही माणसे नकळत एकाच डोळ्याने पाहत असतात.

बसण्याची उंचीही पाहावी. नळ्यांचा कल ३० अंश असलेले डोके बसून काम करणाऱ्याच्या मानेला ४५ अंशांपेक्षा सहसा सोयीचे पडते.

प्रश्न : आयपीसवर डब्ल्यूएफ (वाइड फील्ड) १०×/१८ आणि १०×/२० असे लिहिलेले आढळते. वर्धन तेच असताना दुसऱ्यासाठी जास्त पैसे का मोजावेत? (एक महाविद्यालयीन विद्यार्थी)

उत्तर : तिरप्या रेषेनंतरचा आकडा हा क्षेत्रांक आहे. त्याला ऑब्जेक्टिव्हच्या वर्धनाने भागले, की स्लाइडवरचा किती व्यासाचा भाग दिसेल ते मिलिमीटरमध्ये मिळते. ४०× वर १८ क्षेत्रांकाचा आयपीस ०.४५ मिलिमीटर दाखवतो, २० चा ०.५०, तर २२ चा ०.५५ मिलिमीटर. फरक किरकोळ वाटेल. मात्र क्षेत्रफळ वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे १८ च्या तुलनेत २२ चा आयपीस जवळपास दीडपट भाग एका नजरेत आणतो. संपूर्ण स्लाइड तपासायची असेल, तर स्टेज सरकवण्याचे श्रम त्या प्रमाणात वाचतात.

एक अट आहे. मोठ्या क्षेत्राच्या कडा स्पष्ट दिसण्यासाठी ऑब्जेक्टिव्हही तसेच हवे. साध्या ऑब्जेक्टिव्हवर २२ चा आयपीस लावून केवळ कडेची धूसर पट्टी अधिक रुंद दिसते. म्हणून ऑब्जेक्टिव्ह न पाहता आयपीस बदलू नये.

प्रश्न : अॅक्रोमॅट, सेमी-प्लान, प्लान, अॅपोक्रोमॅट यांपैकी काय निवडावे? जुन्या सूक्ष्मदर्शकाचे १६० चे एक उत्तम ऑब्जेक्टिव्ह माझ्याकडे आहे. ते नव्या इन्फिनिटी प्रणालीच्या उपकरणावर चालेल का? (एक निवृत्त प्राध्यापक)

उत्तर : या नावांत दोन वेगवेगळ्या सुधारणा मिसळलेल्या आहेत, त्या वेगळ्या केल्या की निवड सोपी होते. पहिली सुधारणा रंगांची. अॅक्रोमॅटमध्ये तांबडा आणि निळा हे दोन रंग एका प्रतलात आणलेले असतात, तर अॅपोक्रोमॅटमध्ये किमान तीन रंग जुळवलेले असतात. आबे यांच्या संशोधनातून आणि ओटो शॉट यांनी बनवलेल्या नव्या प्रकाशीय काचांतून पहिले अॅपोक्रोमॅट १८८६ मध्ये झाइसने बाजारात आणले. फ्लोराइट हा ऑब्जेक्टिव्हचा प्रकार या दोहोंच्या मध्ये बसतो. दुसरी सुधारणा सपाटपणाची. साधे भिंग सपाट वस्तूची प्रतिमा वक्र प्रतलात पाडते, म्हणून मध्य स्पष्ट केला की कडा धूसर होतात आणि कडा स्पष्ट केल्या की मध्य. प्लान ऑब्जेक्टिव्हमध्ये हा वक्रपणा काढून टाकलेला असतो, सेमी-प्लानमध्ये काही अंशी.

आपले काम स्लाइडच्या मध्यावर लक्ष केंद्रित करण्याचे असेल, उदाहरणार्थ थेंबातील सूक्ष्मजीवांचा पाठलाग करण्याचे, तर चांगला अॅक्रोमॅट पुरेसा आहे. अशा वेळी हलक्या प्रतीच्या प्लानपेक्षा नामांकित उत्पादकाचा साधा अॅक्रोमॅट मला अधिक विश्वासार्ह वाटतो. रक्ताचे नमुने मोजणे, ऊतींचे छेद पाहणे किंवा छायाचित्रे घेणे यांसाठी प्लान अॅक्रोमॅट घ्यावा, कारण तेथे संपूर्ण क्षेत्र एकाच वेळी स्पष्ट दिसायला हवे. अॅपोक्रोमॅटची गरज संशोधनात आणि प्रतिदीप्ती पद्धतींत खऱ्या अर्थाने भासते.

आता आपल्या जुन्या ऑब्जेक्टिव्हविषयी. रॉयल मायक्रोस्कोपिकल सोसायटीने एकोणिसाव्या शतकात ठरवून दिलेले आटे आजही कित्येक ऑब्जेक्टिव्हना असतात, त्यामुळे ते बसेल, असे बहुतांशी म्हणता येते. तरीही ते चालणार नाही. १६० मिलिमीटर नळीचे ऑब्जेक्टिव्ह स्वतःच प्रत्यक्ष प्रतिमा पाडते. अनंत-दुरुस्त, म्हणजे इन्फिनिटी प्रणालीच्या ऑब्जेक्टिव्हमधून मात्र समांतर किरण बाहेर पडतात आणि त्यांची प्रतिमा उपकरणात बसवलेले नळी-भिंग पाडते. दोहोंची अदलाबदल केली, तर प्रतिमा मिळालीच नाही तरी नवल नाही, आणि मिळाली तरी वर्धन चुकीचे व गोलीय दोष वाढलेला असेल. एवढेच नव्हे, अनंत-दुरुस्त प्रणालींतही नळी-भिंगाची केंद्रांतरे सारखी नसतात. निकॉन आणि लायका २०० मिलिमीटरचे भिंग वापरतात, ऑलिंपस १८० चे आणि झाइस सुमारे १६५ चे. शिवाय काही उत्पादक रंगदोषाची उरलेली दुरुस्ती आयपीसमध्ये किंवा नळी-भिंगात करतात. म्हणून ऑब्जेक्टिव्ह, डोके आणि आयपीस एकाच घराण्यातले असणे इष्ट. आपले जुने ऑब्जेक्टिव्ह चांगले असेल, तर त्याच्या जुन्या स्टँडवरच ते उत्तम काम देईल.

प्रश्न : माझ्या सूक्ष्मदर्शकात कंडेन्सर वर-खाली होतो, त्याखाली झडप आहे आणि तळाशी आणखी एक झडप आहे. विक्रेत्याने सांगितले की कंडेन्सर वर ठेवा आणि प्रकाश कमी करायचा असेल तेव्हा झडप बंद करा. एवढेच त्याचे काम आहे का? तसेच एलईडी घ्यावा की हॅलोजन? (एक सूक्ष्मजीवशास्त्राची विद्यार्थिनी)

उत्तर : विक्रेत्याच्या सल्ल्याचा पहिला अर्धा भाग बरोबर आहे. कंडेन्सर, म्हणजे स्लाइडखालचा प्रकाश एकवटणारा भिंगसंच, सहसा जवळजवळ वरच्या टोकालाच असतो. दुसरा भाग मात्र अनेक चांगल्या उपकरणांची प्रतिमा बिघडवत आला आहे. विभेदनक्षमता ऑब्जेक्टिव्ह आणि कंडेन्सर या दोहोंच्या अॅपर्चरवर अवलंबून असते. कंडेन्सरची झडप प्रकाश कमी करण्यासाठी मिटत गेलात, तर कंडेन्सरमधून येणाऱ्या प्रकाशाचा शंकू अरुंद होतो आणि ०.६५ चे ऑब्जेक्टिव्ह आपली पूर्ण कुवत दाखवू शकत नाही. प्रतिमेच्या कडा काळ्या, ठळक दिसू लागतात आणि नवख्या माणसाला ती अधिक स्पष्ट वाटते. प्रत्यक्षात बारीक तपशील तेथून गेलेला असतो. उलट, झडप पूर्ण उघडी ठेवली तर रंगवलेले नसलेले नमुने झगमगाटात विरघळून जातात. मध्यममार्ग असा, की एक आयपीस काढून नळीत पाहावे. ऑब्जेक्टिव्हच्या मागच्या बाजूला प्रकाशाचे वर्तुळ दिसते. झडप मिटत ते वर्तुळ मूळ व्यासाच्या सुमारे ७० ते ८० टक्के उरेल तेथे थांबावे. ऑब्जेक्टिव्ह बदलले, की हे पुन्हा करावे लागते. उजेड कमी-जास्त करायचा तर दिव्याच्या नियंत्रकाने करावा.

तळाशी दुसरी झडप आहे, म्हणजे आपल्या उपकरणावर कोलर प्रदीपन साधता येईल. ऑगस्ट कोलर यांनी ही पद्धत १८९३ मध्ये प्रसिद्ध केली आणि आजही तिच्याहून चांगली सर्वसाधारण पद्धत नाही. १०× वर स्लाइड स्पष्ट करून तळाची झडप बंद करावी. क्षेत्रात प्रकाशाचे एक बहुकोनी छिद्र दिसेल. त्याच्या कडा रेखीव होईपर्यंत कंडेन्सर किंचित वर-खाली करावा, बाजूच्या दोन स्क्रूंनी छिद्र मध्यावर आणावे आणि मग झडप क्षेत्राच्या कडेपलीकडे जाईल इतकीच उघडावी. स्लाइडचा जो भाग आपण पाहत नाही, तो उजळला की त्याचा विखुरलेला प्रकाश प्रतिमा फिकट करतो. ही झडप तेवढ्यापुरतीच आहे. ज्यांना उपकरण घ्यायचे आहे त्यांनी कंडेन्सर वर-खाली होतो का आणि मध्यावर आणता येतो का, हे आवर्जून पाहावे. एका जागी घट्ट बसवलेला कंडेन्सर ४× आणि १०× पुरता चालून जातो. ४०× च्या पुढे तो अडचण करतो.

सर्वसाधारण आबे कंडेन्सरवर १.२५ असा आकडा असतो. कंडेन्सर आणि स्लाइड यांच्यातही तेल घातले, तरच तो आकडा खरा ठरतो. रोजच्या कामात कोणी ते घालत नाही, आणि न घातल्याने अडतही नाही.

दिव्याबाबत मी आज एलईडीकडे झुकतो. तो फारसा तापत नाही, वर्षानुवर्षे टिकतो आणि मंद केला तरी पिवळा पडत नाही. हॅलोजन मंद केला की तांबूस होतो, म्हणून निळी गाळणी लावावी लागते. तथापि पांढऱ्या एलईडीच्या वर्णपटात निळ्याचा उंचवटा आणि निळ्या-हिरव्याच्या दरम्यान खळगा असतो, तर हॅलोजनचा वर्णपट सलग असतो. रंगवलेल्या ऊतींच्या छटांवर निदान करणाऱ्यांपैकी काही जण हॅलोजन सोडायला तयार नसतात, त्यामागे हे कारण आहे.

प्रश्न : वापरलेला सूक्ष्मदर्शक मिळतो आहे. ४०× वर प्रतिमा धुरकट आहे, १०× आणि १००× ठीक आहेत. घ्यावा का? (एक वाचक)

उत्तर : एवढ्या लक्षणांवरून नकार देऊ नये. १००× साठी तेल लावलेली स्लाइड तशीच ठेवून ऑब्जेक्टिव्हचे चक्र मागे फिरवले, की तेलाच्या थेंबातून ४०× चे कोरडे भिंग घासत जाते. धुरकटपणाचे हे सर्वांत नेहमीचे कारण आहे. ऑब्जेक्टिव्ह काढून, आयपीस उलटा धरून भिंगासारखा वापरावा आणि ऑब्जेक्टिव्हच्या टोकाची काच तपासावी. तेलाचा पडदा असेल तर भिंगांच्या कागदाला किंचित द्रावक लावून तो पुसता येतो. भिंग द्रावकात बुडवू मात्र नये, कारण आतल्या काचा जोडणारा डिंकवजा पदार्थ सुटू शकतो. दुसरे कारण स्लाइडमध्येच असू शकते. ०.१७ मिलिमीटरच्या कव्हर स्लिपसाठी बनवलेले ४०× उघड्या रक्तपटलावर धरले, तर प्रतिमा मऊ दिसते. पटलावर तेलाचा थेंब टाकून त्यावर कव्हर स्लिप ठेवावी आणि पुन्हा पाहावे. फरक लगेच कळतो. काच आतून कोळ्याच्या जाळ्यासारख्या धाग्यांनी भरलेली असेल, तर ती बुरशी आहे. बुरशीने काचेवरील लेप खाल्लेला असेल, तर सौदा सोडावा.

यंत्रभाग तपासताना फोकस करून पाच मिनिटे हात न लावता थांबावे. प्रतिमा आपोआप अस्पष्ट झाली, तर स्टेज खाली घसरते आहे. बहुतेक उपकरणांत कोर्स फोकसजवळची ताणाची कडी घट्ट केली की ते थांबते. न थांबल्यास दातेरी पट्टी झिजली आहे असे समजावे. फाइन फोकस दोन्ही दिशांना फिरवताना प्रतिमा बाजूला उडी मारता कामा नये. ऑब्जेक्टिव्हचे चक्र टिक् असे अडकले पाहिजे. १०× वर मध्यभागी आणलेला कण ४०× वर क्षेत्राबाहेर जात असेल, तर चक्राच्या खाचेत ढिलेपणा आहे.

प्रश्न : छायाचित्रांसाठी ट्रायनॉक्युलर डोके घ्यावे का, आणि कॅमेरा किती मेगापिक्सेलचा असावा? (एक छायाचित्रकार)

उत्तर : पुढे कधीतरी कॅमेरा जोडायचा असेल, तर ट्रायनॉक्युलर, म्हणजे कॅमेऱ्यासाठी तिसरी नळी असलेले डोके सुरुवातीलाच घ्यावे. प्रकाशाची वाटणी कशी होते, ते विचारावे. सारा प्रकाश कॅमेऱ्याकडे वळवणाऱ्या दांड्याची सोय असेल, तर अंधूक नमुन्यांसाठी ती उपयोगी पडते. कायमच्या निम्म्या-निम्म्या वाटणीत डोळ्यांना एरवीही कमी प्रकाश मिळत राहतो. मेगापिक्सेलचा हव्यास मात्र धरू नये. ४०×/०.६५ ऑब्जेक्टिव्हचा अर्ध्या मायक्रॉनचा तपशील प्रतिमेच्या प्रतलात सुमारे २१ मायक्रॉनचा होतो, आणि ०.५× जोडनळीतून कॅमेऱ्यावर येताना सुमारे १० मायक्रॉनचा. त्यावर दोन चित्रबिंदू पडले, म्हणजे एक चित्रबिंदू ५ मायक्रॉनचा असला, की पुरते. सर्वांत बारीक चित्रबिंदू लागतात ते, अपेक्षेच्या उलट, ४× आणि १०× ला. तेथे हिशेब ३.३ मायक्रॉनच्या आसपास येतो. ८ मिलिमीटर कर्णाच्या संवेदकावर एवढ्या आकाराचे सुमारे तीस लाख चित्रबिंदू बसतात. त्यापलीकडचे वीस-वीस मेगापिक्सेल फाइलचा आकार वाढवतात. त्याऐवजी ती रक्कम प्लान ऑब्जेक्टिव्हवर खर्च करावी, आणि जोडनळीचा गुणक संवेदकाच्या आकाराशी जुळतो की नाही हे पाहूनच कॅमेरा मागवावा.